बारा फूट पाण्यावरची लग्नं

माझ्या लग्नाचा निकाल कोर्टात लागला, आणि तोही लग्नानंतर सहा वर्षांनी. खटला काही माझा नव्हता. कागदावर लिहिलं होतं, इंडियाना राज्य विरुद्ध टॅलो-फिंच आगबोट कंपनी. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. पण चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टात मेरिट्स बेंडमध्ये कुणालाही विचारलं असतंत, की काय हो, एवढी गर्दी कोणाच्या खटल्याला, तर उत्तर आलं असतं, लोव्हिना टीगच्या.

आमचं गाव ओहायो नदीच्या काठावर. अलीकडं इंडियाना, पलीकडं केंटकी, आणि मधली नदी अख्खीच्या अख्खी केंटकीची. असं का, ते मला विचारू नका. ज्यांनी वाटणी केली त्यांनी नदी एकाच भावाच्या पदरात टाकली आणि मोकळे झाले. आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं: पाऊल ओलं झालं की केंटकी. लहानपणी कुणाच्या बागेतली सफरचंदं चोरली की आम्ही धावत जाऊन घोटाभर पाण्यात उभं राहायचो आणि शिपायाला वेडावून दाखवायचो. तो बिचारा कोरड्यावर उभा राहून नुसता आमच्या बापांची नावं घ्यायचा. ह्याच समजुतीनं पुढं माझी झोप उडवली.

माझा नवरा ऑरिन टॅलो-फिंच कंपनीच्या धक्क्यावर कारकून होता. धक्का म्हणजे दगडी नव्हे, तरता. भलीमोठी सपाट होडी, वर छप्पर, आत मालाची वखार, एका बाजूला कारकुनाची खोली. आगबोटी येऊन त्याला लागायच्या. नदी चढली की दोर ओढून धक्का वर काठाशी आणायचा, उतरली की खाली ढकलायचा. पूर आला तर दोर थेट वॉटर स्ट्रीटच्या एल्मच्या झाडाला, आणि उन्हाळ्यात धक्का पार उंबऱ्यापलीकडं. उंबरा हे आमच्याकडचं नाव. नदीच्या तळाशी काळ्या खडकाची एक लांब पायरी आहे, पाणी अगदी आटलं की ती उघडी पडते. त्याच्या खाली पाणी कधी गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

ऑरिन रोज सकाळी सहाला खांबावर पाण्याची उंची बघायचा आणि वहीत लिहायचा. कंपनीला नुसता आकडा तारेनं कळवायचा असे. वही त्याची स्वतःची. त्याचा बाप आगबोटीचा वाटाड्या होता, त्याची ही सवय, ती ह्याच्यात उतरली. तोंडानं मात्र हा माणूस महाकंजूष. “रस्सा कसा झालाय?” असं विचारलं तर आधी ताटाकडं बघणार, मग माझ्याकडं, मग म्हणणार, “झालाय.”

आणि त्या तरत्या धक्क्यावर लग्न करायची आमच्या गावची रीत. आगबोट लागलेली, शिट्टी वाजलेली, कप्तान घाई करतोय, आणि इकडं गावचे लहान न्यायाधीश स्क्वायर प्रुइट धापा टाकत लग्न लावतायत. तिसऱ्या घंटेच्या आत “हो” म्हणून झालं पाहिजे. मग नवरीनं आपला एक जुना बूट नदीत फेकायचा आणि दोघांनी फळीवरून थेट आगबोटीत. ज्यांचं चर्चमध्ये लग्न झालं त्यांना गावातल्या पोरी नाकं मुरडायच्या, बाई गं, कोरडंच लग्न म्हणून. माझं झालं अडुसष्ट सालच्या मे महिन्यात. निळा झगा होता. बूट फेकला तो जाऊन कप्तानाच्या छातीवर बसला.

आता खटला ज्या साखळीवरून झाला तिच्याकडं येते. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात कंपनीच्या डोक्यात आलं, की मेरिट्स बेंडच्या घाटावर फक्त आपल्याच आगबोटी लागाव्यात. घाट सगळ्या गावाचा, गाव वसल्यापासूनचा. पण लुइव्हिलहून हुकूम आला, लोखंडी साखळी आली, आणि ऑरिननं ती एल्मपासून घाटाच्या दुसऱ्या टोकाच्या खुंटापर्यंत आडवी लावली. हुकमाचा ताबेदार. दुसऱ्याच दिवशी पुराच्या पाण्यातून योस्ट म्हाताऱ्याची होडी आली. होडीत तो, त्याची बायको आणि बेचाळीस डुकराची पिल्लं.

“टीग, साखळी काढ!” योस्ट ओरडला.

“हुकूम नाही हो, योस्टकाका,” ऑरिन म्हणाला.

“अरे, पाणी कसलं आहे बघ! तुझा हुकूम घाल चुलीत!”

तेवढ्यात धारेनं होडी ओढून नेली. दोन मैल खाली ती केंटकीच्या काठाला आदळली. माणसं वाचली, पण पिल्लं कुणाच्या तरी तंबाखूच्या शेतात उधळली. बेचाळीसातली एकोणीस परत आली, आणि योस्टकाकूंच्या म्हणण्याप्रमाणं त्या एकोणीसांतली चार त्यांची नव्हतीच. गाव हसलं, पण साखळीवर चिडलंही. ऑरिन त्या रात्री जेवला नाही. आठवडाभरात सरकारी वकील होबार्टनं राज्यातर्फे खटला भरला: कंपनीनं सार्वजनिक घाट अडवला.

होबार्ट चोवीस वर्षांचा. अंगात कोट मोठा आणि आवाज लहान. कंपनीनं त्याच्यासमोर उभा केला लुइव्हिलचा व्हँडेव्हीअर. चांदीच्या मुठीची काठी, सुगंधी पोमेड लावलेल्या मिशा, आणि भूक अशी की विचारू नका. खटल्याच्या तीन दिवस आधी तो आमच्याकडं जेवायला आला. आम्ही राहत होतो ते घर कंपनीचं, तेव्हा नको कुठल्या तोंडानं म्हणणार.

मक्याची सहा कणसं संपवून त्यानं तोंड पुसलं आणि ऑरिनला म्हणाला, “टीग, तुमचं काम सोपं आहे. साखळी चुकीची की बरोबर, त्यात आपण शिरायचंच नाही. आपण एवढंच म्हणायचं, की इंडियानाच्या कोर्टाला हा खटला चालवायचा अधिकारच नाही.”

“तो कसा?” मी विचारलं. पीच भरून भाजलेली गोड पोळी कापत होते.

“साखळीचं सगळं काम कुठून चालतं? धक्क्यावरून. धक्का कुठं आहे? पाण्यावर. पाणी कुणाचं?”

“केंटकीचं,” मी म्हणाले. ते आमच्या जिभेवरच असतं.

“शाब्बास! बाई तुमच्याहून हुशार आहेत, टीग. कायद्याचे शब्द असे आहेत, की नदी ज्या रेषेपर्यंत सगळ्यात खाली उतरते, त्या रेषेपाशी इंडियाना संपलं. तुम्ही शपथेवर फक्त धक्का कुठं आहे ते सांगायचं. तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय? आणि हो, कोर्टात काय बोलणार ते तोवर कुणापाशीही काढायचं नाही. मला शब्द द्या.”

ऑरिननं मान हलवली. मी पोळी वाढता वाढता थांबले. माझ्या डोळ्यांसमोर निळा झगा आला.

“साहेब,” मी म्हणाले, “एक सहज विचारते हं. इंडियानाच्या न्यायाधीशानं, इंडियानाच्या परवान्यावर, केंटकीत जाऊन लग्न लावलं तर?”

व्हँडेव्हीअर खदखदून हसला. “तर ते लग्न नव्हे, बाई. ती सहल!”

मी त्याच्या पुढ्यातली पोळी उचलली आणि फडताळात ठेवली. तो फडताळाकडं बघतच राहिला. माझा नवरा समोरच्या भिंतीकडं बघत होता, तोंडातला घास गिळायचा विसरून, जणू भिंतीवर कुणी काही लिहिलंय.

पाहुणा गेल्यावर मी तोफ डागली.

“ऐकलंस ना? सहल! सहा वर्षं सहल चाललीय आपली. आणि आत निजलीय ती डॉर्कस, ती कोण? सहलीत सापडली?”

“लोव्हिना, जरा—”

“मला जरा नको. तू शपथेवर सांगणार, धक्का केंटकीत आहे?”

“शपथेवर खरंच सांगावं लागतं.”

“मग मी कोण, ते पण सांग. खरंच सांग.”

तो म्हणाला, “मी शब्द दिलाय गं.” झालं. मी त्याची उशी उचलली आणि ओसरीवर फेकली. उशीमागून पांघरूण. “लग्न न झालेला पुरुष माझ्या घरात झोपत नाही,” मी म्हणाले आणि कडी घातली. माझा स्वभाव आईवर गेलाय. आईला सगळा गाव घाबरायचा, मला निदान अर्धा तरी घाबरतो.

खरं सांगायचं तर मलाच भीती वाटत होती. आमच्याकडं लग्नाविना झालेल्या पोरीला काय म्हणतात, ते मी शाळेच्या अंगणात ऐकलेलं होतं. डॉर्कस पाच वर्षांची. येत्या हिवाळ्यात ती त्याच अंगणात जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्वायर प्रुइटांचं घर गाठलं. ते घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली काठी गळाली.

“त्रेचाळीस,” ते म्हणाले.

“काय त्रेचाळीस?”

“लग्नं, लोव्हिना. धक्क्यावर लावलेली. देवा रे! शेरीफचं, शाळामास्तरचं, चर्चच्या डीकनच्या बहिणीचं… बाई गं, कुणाला म्हणून बोलू नकोस.”

मी कशाला बोलते. पण खिडकीत प्रुइटकाकू बटाटे सोलत होत्या, आणि त्यांचे कान घोड्यासारखे. दुपारपर्यंत बातमी पीठगिरणीत पोचली, संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर. डीकनची बहीण केटुरा हिनं बातमी ऐकली, टोपी घातली आणि नवऱ्याला म्हणाली, “लग्न झालेलं नाही म्हणतात. तर मग मला जरा विचार करू दे.” आणि ती थेट आपल्या मावशीकडं गेली. तिच्या नवऱ्यानं दोन वर्षं रखडलेलं कुंपण एका दिवसात रंगवून काढलं.

दोन्ही सकाळी ऑरिननं दार वाजवलं. “लोव्हिना, एक मिनिट.” मी भांडी आपटली. “लोव्हिना, ऐक तरी.” मी आणखी मोठी भांडी आपटली. मग तो पाणी बघायला निघून गेला.

खटल्याच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्यांनी बायका आणल्या होत्या, बायकांनी डबे. योस्ट पतिपत्नी पहिल्या बाकावर. जज्ज केसलिंग कोट काढून, ताडाच्या पानाच्या पंख्यानं वारा घेत बसले होते. मी डॉर्कसला शेजारणीकडं ठेवून मागच्या भिंतीला टेकून उभी होते. चेहरा मी मुद्दाम रागीट ठेवला होता.

व्हँडेव्हीअरनं काठी टेकत सगळ्यांना आधी खिडकीशी बोलावलं. खाली नदी ऑगस्टातली, रोडावलेली. काठावर गोटेच गोटे, मग काळा उंबरा उघडा पडलेला, आणि त्याच्याही पलीकडं, पाण्यात, आमचा धक्का.

“ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं,” तो म्हणाला. “टीग, हा धक्का त्या खडकापासून किती लांब आहे?”

“चाळीस पावलं,” साक्षीदाराच्या खुर्चीतून ऑरिन म्हणाला.

“कुठल्या बाजूला?”

“केंटकीच्या.”

कोर्टात एक मोठा सुस्कारा निघाला. अर्ध्या गावाचं लग्न मोडल्याचा तो आवाज होता. व्हँडेव्हीअर वाकून म्हणाला, “माझं एवढंच,” आणि ऐटीत बसला.

होबार्ट उठला. त्यानं कागद उलटसुलट केले. त्याच्याकडं विचारायला काहीही नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तोही मेरिट्स बेंडचाच, त्याच घोटाभर पाण्यात उभं राहून वाढलेला. “अं… म्हणजे… धक्का तिथंच आहे?” त्यानं विचारलं.

आता मला राहवलं नाही. “अरे, तिथं आहे हे त्यानं सांगितलंय! कालपरवा कुठं होता ते विचार! माझ्या लग्नात कुठं होता ते विचार! मी काय केंटकीत पोहत जाऊन लग्न केलं?”

“बाई, खाली बसा!” जज्ज कडाडले.

“बसते, जज्जसाहेब. पण कुठल्या राज्यात बसू तेवढं सांगा.”

हशा उसळला. जज्जांनी हातोडी आपटली, पण पंखा तोंडापुढं धरून. होबार्ट लाल झाला, तरी त्याला दोर सापडला होता. “टीग, धक्का नेहमी तिथंच असतो का?”

“नाही साहेब,” ऑरिन म्हणाला. “पाणी जाईल तिथं तो जातो. पण रेषा जात नाही.”

“कुठली रेषा?”

“हे साहेब आमच्याकडं जेवायला आले होते तेव्हा म्हणाले, नदी सगळ्यात खाली जिथवर उतरते तिथं इंडियाना संपलं. म्हणजे उंबरा. आता पूर आला की नदी उंबऱ्यावरून वर येते. पण उंबरा जागचा हलत नाही. मग वर आलेलं पाणी जरी नदीचं असलं तरी त्याच्याखालची जमीन इंडियानाचीच की. नाहीतर सदुसष्टच्या पुरात आपलं चर्च केंटकीत गेलं होतं असं म्हणावं लागेल, आणि डीकननं तिथं वर्गणी गोळा केली होती.”

ऑरिनला सलग इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. लहानपणापासून घोकलेलं वाक्य असं डोक्यातून उपटलं जातं ना, तेव्हा माणूस थोडा वेळ बधिर होतो. पाऊल ओलं झालं की केंटकी! म्हणजे आम्ही ज्या पाण्यात उभं राहून शिपायाला वेडावत होतो, तिथं तो खुशाल येऊन आमचे कान धरू शकला असता.

ऑरिननं कोटाच्या दोन्ही खिशांतून वह्या काढल्या. “खांबावर बारा फूट पाणी झालं की धक्का उंबऱ्याच्या अलीकडं येतो. त्याच्या वर इंडियाना, खाली केंटकी. तारीख सांगा, मी पाणी सांगतो.”

“माझी हरकत आहे!” व्हँडेव्हीअर उठला. मिशा थरथरत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या टेबलाशी बसून, माझी कणसं खाऊन, त्यानं स्वतःच रेषा दाखवून दिली होती. “ह्या वह्या कंपनीच्या मालकीच्या—”

“वह्या माझ्या आहेत,” ऑरिन म्हणाला. “कंपनीला आकडा जायचा. तो गेलेला आहे, रोज.”

“हरकत अमान्य,” जज्ज म्हणाले. मग ते जरा पुढं वाकले. “टीग, खटल्याच्या तारखेआधी… एक आपली चाचणी म्हणून. एकाहत्तर सालचा सात ऑक्टोबर काढा.”

आता गावाला ठाऊक होतं, सात ऑक्टोबरला जज्जांच्या लेकीचं, अल्मीराचं, धक्क्यावर लग्न झालं होतं. जावई कविता करायचा आणि सासऱ्याच्या घरी राहायचा.

ऑरिननं पानं उलटली. “पाच फूट, जज्जसाहेब. उतरतं.”

“पाच,” जज्ज म्हणाले.

“धक्का पार पलीकडं.”

“असं का,” जज्ज म्हणाले, आणि पंखा जोरात हलवू लागले. ते फार दुःखी दिसले असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. “ठीक. आता होबार्ट, तुमची तारीख.”

“ह्या वर्षीचा अठरा एप्रिल,” होबार्ट म्हणाला. आवाज एकदम मोठा झाला होता. “योस्टांची होडी अडवली तो दिवस.”

“एकतीस फूट. चढतं. दोर एल्मला,” ऑरिननं वाचलं. मग खाली मान घालून पुढचं वाचलं, “योस्टकाकांना घाट दिला नाही. द्यायला हवा होता.”

योस्टकाकूंनी पहिल्या बाकावरून मोठ्यानं नाक शिंकरलं.

एल्म कोर्टाच्या खिडकीतूनच दिसत होता, वॉटर स्ट्रीटवर, लोहाराच्या दुकानाला लागून. तो केंटकीत आहे असं म्हणायची छाती देवदूतालाही झाली नसती. जज्जांनी एकदा झाडाकडं बघितलं, एकदा व्हँडेव्हीअरकडं. “केंटकी हे थोर राज्य आहे,” ते म्हणाले, “पण ते पुराबरोबर चढत नाही. घाट अडवला तो इंडियानात. ह्या कोर्टाला अधिकार आहे. खटला उद्या सकाळी ज्यूरीपुढं चालेल. टीग, खाली उतरा.”

ऑरिन उतरला नाही. “जज्जसाहेब, अजून एक पान वाचायचं आहे.”

“ह्याचा खटल्याशी काय संबंध?” व्हँडेव्हीअर ओरडला.

“काही नाही,” ऑरिन म्हणाला. “मी शपथेवर आहे तोवर वाचून टाकतो. मला पुन्हा कुणी इतकं बोलू देणार नाही.”

जज्जांनी पंख्यानंच खूण केली, वाच.

त्यानं दुसरी वही उघडली, जुनी, कोपरे उंदरांनी कुरतडलेली. “सोळा मे अठराशे अडुसष्ट. एकोणतीस फूट दोन इंच. दोर एल्मला. वारा नाही. आज लोव्हिना हॅस्केलशी लग्न झालं. झगा निळा. तिसऱ्या घंटेच्या आत ‘हो’ म्हणालो, पण आवाज फुटला नाही, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली ते पलीकडच्या काठापर्यंत गेलं असेल.”

त्यानं वही मिटली. मान वर करून त्या सगळ्या गर्दीतून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “हो.”

ह्या खेपेला ऐकू आलं. मी रडले. रागीट चेहरा कुठल्या कुठं गेला, मी ॲप्रन तोंडाला लावून ढसाढसा रडले, आणि योस्टकाकू मला थोपटत सगळ्यांना सांगत होत्या, “एकोणतीस फूट! ऐकलंत ना? पोरीचं एकोणतीस फुटांवर झालंय!”

ज्यूरीनं दुसऱ्या दिवशी डबे सोडायच्या आत निकाल दिला. साखळी निघाली. लोहारानं तिच्यातून चुलीवर भांडी टांगायच्या आकड्या केल्या, त्यांतली एक अजून माझ्या चुलीवर आहे. कंपनीनं ऑरिनला काढलं आणि आम्हाला घर सोडायला सांगितलं. पण गावानं आपला घाट सांभाळायला आपलाच माणूस नेमला, आणि योस्टांनी वरच्या रस्त्यावरचं त्यांचं रिकामं घर दिलं. डुकरांचा वास येतो, पण छप्पर गळत नाही.

खरी मजा साक्षीच्याच दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर झाली. कोर्ट उठलं आणि ऑरिनच्या वह्यांपुढं जोडप्यांची रांग लागली. तारीख सांगायची, पाणी ऐकायचं. “तेवीस फूट” ऐकलं की टोप्या उडायच्या. “सात फूट” ऐकलं की नवरा बायकोकडं बघायचा, बायको आभाळाकडं. त्रेचाळीसांतली अकरा लग्नं बारा फुटांच्या खाली निघाली. स्क्वायर प्रुइटांनी रविवारी त्यांतली दहा कोर्टाच्या अंगणात एका दमात पुन्हा लावली, जुने बूट विहिरीत नको म्हणून एका पिंपात टाकायला लावले. केटुरानं कुंपण बघितलं, “मागची बाजू राहिलीय” म्हणाली, आणि ती रंगवल्यावर लग्नाला उभी राहिली. अल्मीरानं मात्र “बघते” म्हणून सांगितलं, आणि जावयाला नोकरी लागेपर्यंत जज्जांनी तिला घाई केली नाही.

साक्षीच्या दिवशी घरी परतताना मी ऑरिनला विचारलं, “तीन दिवस माझा जीव टांगणीला लावलास. आधी का नाही सांगितलंस?”

“रेषेचं जेवतानाच लक्षात आलं होतं. पण त्या दिवशी पाणी किती होतं ते आठवत नव्हतं. एल्म आठवत होता. पण आठवणीवर काय सांगायचं, शपथ घ्यायची होती.”

“मग?”

“जुन्या वह्या ओसरीवरच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. तू बाहेर काढलंस म्हणून सापडल्या. शब्द व्हँडेव्हीअरला दिला होता, पण तुझ्यापुढं तो कसला टिकतोय? दोनदा दार वाजवलं. तू भांडी आपटत होतीस.”

मी त्याच्या हातातल्या वह्या घेतल्या आणि घरापर्यंत ॲप्रनमध्ये सांभाळून नेल्या. संध्याकाळी तो पाणी बघून आला, ओसरीवर बसून वहीत लिहू लागला. सहा वर्षांत मी त्या वहीत कधी डोकावले नव्हते, पाण्याचे आकडे काय बघायचे म्हणून. त्या दिवशी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

“चार फूट. उतरतं. ऊन. उशी आत गेली.”